सत्ताविसाव्या पानावरचं ‘शे’

जळगावच्या एका महाविद्यालयात मी तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. म्हणजे मुलांना पुस्तकांपासून सुरक्षित अंतरावर ठेवलं, आणि ते काम चोख केलं. कादंबरीतली माणसं का रडतात हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. परीक्षेला ‘व्यक्तिरेखेची वैशिष्ट्ये’ यायची, तेवढी मी फळ्यावर लिहून द्यायचो. निवृत्त झालो तेव्हा शाल, श्रीफळ आणि एक जाडजूड ग्रंथ मिळाला. त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. देणाऱ्यानं तो उघडला नव्हता, घेणाऱ्यानंही उघडला नाही. परंपरा मोडायला आपण कोण?

निवृत्त माणूस आमच्याकडे दोनच विषयांवर बोलतो, मधुमेह आणि वाचनसंस्कृती. मधुमेहावर बोलायला कुणी हार घालून नेत नाही, म्हणून मी वाचनसंस्कृतीवर बोलतो. ‘आजची पिढी वाचत नाही’ हे माझं भाषण जिल्ह्यात पुष्कळ गाजलं. पहिल्या रांगेत माझ्याच वयाची मंडळी मोबाइलवर सुप्रभाताची फुलं पुढे पाठवत बसलेली असायची. मागच्या बाकांवरच्या दोन-तीन मुली मात्र मांडीवर काहीतरी लपवून वाचत असायच्या. मला त्या असभ्य वाटत.

माझ्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे. वरच्या खणात न वाचता येणारी पुस्तकं, मधल्या खणात न वाचलेली आणि खालच्या खणात मला भेट मिळालेली. वरच्या खणातल्या बहुतेकांच्या प्रस्तावना मला तोंडपाठ आहेत, आणि चर्चासत्रात तेवढ्यावर भागतं. रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, कौटुंबिक कादंबऱ्या, पाककृती, लहान मुलांची पुस्तकं यांना मी वाङ्मय म्हणत नसे. त्याला मी ‘मजकूर’ म्हणत असे.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, मजकूर वाचायची.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमचं गाव असोदा, जळगावच्या कुशीतलं. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि माझी सुरू झाली. मला अक्षरओळख शाळेनं करून दिली असं माझ्या परिचयपत्रात असतं. खरं म्हणजे ती अक्कानं करून दिली, भज्यांच्या पुड्याच्या कागदावर. भजी आधी संपायची, मग ती कागद सुपलीवर पसरायची आणि तेलाच्या डागातून जे दिसेल ते मला वाचायला लावायची. अर्धी बातमी, अर्धी जाहिरात, कुणाचं तरी निधन. उरलेलं अर्धं तिनं मनानं रचून सांगायचं. भुताच्या गोष्टी आम्ही केळीच्या बागेत बसून वाचल्या, आणि घाबरून हातात हात धरून घरी पळालो. हे सगळं मी पुढे विसरलो. विसरण्यासाठी दोन पदव्या घ्याव्या लागल्या.

सतराव्या वर्षी तिचं लग्न होऊन ती धुळ्याकडे गेली. आमच्या असोद्याच्या बोलीत ‘हाये’ म्हणतात, तिकडे अहिराणीत ‘शे’ म्हणतात. ती तिकडची झाली आणि शे म्हणू लागली. पन्नासहून अधिक वर्षं ती धुळ्याच्या देवपुरात राहते आहे. नवरा गेला, मुलं नोकरीला लांब गेली. ती आणि कोपऱ्यावरचं सार्वजनिक वाचनालय मात्र जागचे हलले नाहीत. त्या वाचनालयातलं तिनं काय वाचलं नाही ते विचारावं. खुनाच्या कादंबऱ्या, जुने दिवाळी अंक, ‘लोणच्यांचे शंभर प्रकार’ छापाची पुस्तकं, नातवंडं आली की त्यांची चित्रांची पुस्तकं आणि ती परत गेली की पुन्हा तीच पुस्तकं एकटीनं. मी तिला एकदा म्हणालो होतो, “अक्का, या वयात काहीतरी कसदार वाच.” ती म्हणाली, “कसदार जमीन र्‍हास भाऊ. पुस्तक वाचाले र्‍हास.” कसदार जमीन असते, पुस्तक वाचायला असतं, हे तिचं म्हणणं अडाणीपणाचं उदाहरण म्हणून मी वर्गात सांगितलं. मुलं हसली होती. ती कुणावर हसली हे मी तपासलं नाही.

गेल्या वर्षी तिचे डोळे गेले. पूर्ण गेले नाहीत, पडद्याचा आजार आहे. नजरेच्या मधोमध काळा डाग आणि कडेकडेचं दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं, चालता-फिरता येईल, वाचता येणार नाही. मी भेटायला गेलो तेव्हा तिनं माझ्याकडे तिरकी मान करून पाहिलं. “भाऊ, तुना कान दखातस, तोंड दखास नही. तेच बरं शे,” म्हणाली आणि हसली. मग उशाशी पडलेलं पुस्तक तिनं हातानं नुसतं चाचपलं. तिला जेवण, औषध, सोबत यातलं काही नको होतं. वाचायला हवं होतं, आणि तेवढंच बंद झालं होतं. मला ते सहन झालं नाही. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की दर गुरुवारी येईन आणि तुला वाचून दाखवीन. आवाजाचा आणि उच्चारांचा मला फार अभिमान, हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या गुरुवारी मी माझ्या कपाटाच्या वरच्या खणातली कादंबरी नेली. संधी साधून बहिणीची अभिरुची सुधारावी, हा उदात्त हेतू. कादंबरीचा नायक खिडकीपाशी बसून आयुष्याचा विचार करतो. पंचेचाळीस पानं झाली. अक्का शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, भिनतंय.

“भाऊ,” ती म्हणाली, “हाऊ मानूस खिडकीपाशीन कवय उठी?”

मी सांगितलं, तो उठत नाही, तेच त्या कादंबरीचं मर्म आहे.

“मंग याम्हा कोनी मरस का नही?”

त्या दिवशी मला प्रथमच त्या कादंबरीचं नेमकं परीक्षण ऐकायला मिळालं. मी स्वतः तिच्यावर बावीस पानांचा लेख लिहिला होता.

पुढच्या आठवड्यापासून अक्का वाचनालयात फोन करून पुस्तकं सांगायची आणि मी बसमधून उतरल्यावर ती घ्यायची, असं ठरलं. वाचनालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘वाचाल तर वाचाल’ लिहिलेलं आहे. त्याला टेकून बसलेल्या माणसांकडे बघितलं, तर वाचूनही कुणी फारसं वाचलेलं दिसत नव्हतं. आत टेबलाशी पस्तिशीच्या एक ग्रंथपालबाई होत्या. त्यांनी माझ्यापुढे तीन पुस्तकं ठेवली. एकाच्या मुखपृष्ठावर सुरा, दुसऱ्यावर बाई, तिसऱ्यावर दोन्ही. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली. एकदा त्यातलं एक चुकून माझ्याबरोबर परतीच्या बसमध्ये राहिलं, आणि एरंडोलला चढलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं शेजारी बसत विचारलं, “सर, काय वाचताय?” मी म्हणालो, “समीक्षा.” त्याला लगेच झोप लागली. माझ्या शिकवण्याचा प्रभाव इतकी वर्षं टिकून होता.

आता वाचून दाखवण्याबद्दल. मी वाचत होतो म्हणण्यापेक्षा संपादन करत होतो. ‘तिचे टपोरे नेत्र अश्रूंनी डबडबले’ असं आलं की मी म्हणायचो, ‘ती रडली.’ वाड्याचं वर्णन तीन पानं असेल तर मी वाडा एका वाक्यात उभा करायचो. योगायोग फार झाले की त्यातला एखादा गाळायचो, मग पुढे कथा अडायची आणि मलाच नवा योगायोग घालावा लागायचा. नातवासाठी आणलेलं बदकाचं पुस्तक वाचताना मी बदकालाही प्रमाण भाषेत बोलायला लावलं. अक्का एवढंच म्हणाली, “बदक मास्तर व्हयेल शे का रे?” ऐकताना तिचे ओठ मधूनमधून हलायचे. म्हातारपण, मी मनाशी म्हणायचो.

मग ती कौटुंबिक कादंबरी आली. दीडशे पानं ठीक चाललं होतं. त्यानंतर नायिकेची नजर जाऊ लागली. मी पुढची पानं चाळली. शेवटी ती पूर्ण आंधळी होते, आणि घरातली माणसं तिला दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नाही असं समजून तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलत राहतात. हे मी अक्काला कसं वाचून दाखवणार? आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कथा तपासल्या, एकही लिहिली नाही. त्या दुपारी लिहिली, तीही तोंडी. पुस्तक हातात धरून मी सात पानं बनवली. मुंबईहून एक थोर डॉक्टर धुळ्याला येतात, शस्त्रक्रिया करतात, पट्टी सुटते आणि नायिकेला आधी स्वतःचा मुलगा दिसतो.

“मुंबईना डाक्टर धुयाले उना?” अक्कानं विचारलं.

“आला,” मी म्हणालो.

“सोता?”

“स्वतः.”

“छान शे,” ती म्हणाली, आणि चष्म्याच्या रिकाम्या डबीचं झाकण उघडत-मिटत बसली. मी समाधानानं चहा प्यायलो. करुणा आणि कल्पनाशक्ती दोन्ही आपल्यात आहेत, आणि इतकी वर्षं उगाच समीक्षेत घालवली, असं मला वाटलं.

त्या रात्री मी अक्काकडेच राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक परत करायला गेलो. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “सर, नवीन पुस्तकं आलीत, अक्कांना सांगा ना. त्या सगळी जुनीच मागतात.”

“जुनी म्हणजे?”

“त्यांची वाचून झालेली.” त्यांनी पुस्तकाचं सत्ताविसावं पान काढून माझ्यापुढे धरलं. पानाच्या तळाशी, आकड्याच्या बाजूला, पेन्सिलनं बारीक अक्षर होतं, ‘शे’.

मी तज्ज्ञाच्या नजरेनं पाहिलं आणि सांगितलं, कुणीतरी ‘शेरा’ लिहायला घेतला असावा, अपुरा राहिला. बाई हसल्या. त्यांनी सांगितलं ते असं, की रहस्यकथांची नावं सारखीच, मुखपृष्ठं सारखीच, त्यामुळे जुने वाचक एखाद्या ठरावीक पानावर आपली खूण करतात. घरी नेण्याआधी ते पान बघायचं, खूण दिसली की पुस्तक वाचलेलं आहे. एक आबा पन्नासाव्या पानाच्या आकड्याभोवती गोल करतात. एक निवृत्त कंडक्टर जुन्या तिकीटपंचानं कोपऱ्याला भोक पाडायचे, त्यांना फार सांगावं लागलं. आणि अक्का लिहितात ‘शे’. म्हणजे ‘वाचेल शे’, वाचलेलं आहे. “नियमात बसत नाही,” बाई म्हणाल्या, “पण आम्ही अक्कांचं खोडत नाही.”

मी गेल्या चार महिन्यांत नेलेली पुस्तकं कपाटातून काढून घेतली. सत्ताविसावं पान. शे. दुसरं पुस्तक. शे. तिसरं. बदकाच्या पुस्तकाला चोवीसच पानं, तिथे शेवटच्या पानावर, बदकाच्या पायाशी, शे. मी गाळलेला प्रत्येक वाडा तिला माहीत होता. तिचे ओठ का हलायचे तेही आता कळलं. मी गाळत होतो ते ती मनात म्हणत होती. आणि मुंबईचा डॉक्टर धुळ्याला आलाच नव्हता, हे तर तिला पुरतं ठाऊक होतं. मला इतकी लाज वाटली की मी ‘वाचाल तर वाचाल’च्या खाली जाऊन बसलो.

तिथे बसल्यावर मला दुसरं ‘शे’ आठवलं.

अक्काच्या लग्नाला तीन महिने झाले होते. मी चौथीत होतो आणि शुद्धलेखनात वर्गात पहिला होतो, म्हणजे घरात मला कुणी आवरू शकत नव्हतं. तिचं पहिलं पत्र आलं. आईला वाचता येत नव्हतं. ती हात पुसून समोर बसली. पत्रात अक्कानं आईला हसवायला तिकडची बोली लिहिली होती. ‘सासू चांगली शे. दारात गाय शे. वाचाले पेपर शे. अठे बठ्ठं शे. तुम्हीच नही.’

मी ते आईला तसं वाचून दाखवलं नाही. ‘सासू चांगली आहे, दारात गाय आहे, येथे सर्व आहे,’ असं सुधारून वाचलं. ‘तुम्हीच नही’ हे वाक्य मला अपूर्ण वाटलं, म्हणून वगळलं. आईनं विचारलं, “पोरगी बरी हाये ना रे?” मी म्हणालो, “अकरा चुका आहेत.” आईच्या तोंडातलं ‘हाये’ मला तेव्हा शुद्ध वाटत असावं, ते मी कधी दुरुस्त केलं नाही. मग मी लाल पेन घेतलं, प्रत्येक ‘शे’ खोडून वर ‘आहे’ लिहिलं, खाली ‘चुका अकरा, गुण दहापैकी तीन’ असं लिहिलं, आणि पत्र नव्या पाकिटात घालून अक्काला परत पाठवलं. तिला उपयोग होईल म्हणून.

त्यानंतर तिची पत्रं शुद्ध आली. ‘येथील सर्व कुशल आहे. तेथील कुशल कळवावे.’ वर्षानुवर्षं हीच दोन वाक्यं. एकही चूक नाही आणि एकही बातमी नाही. माझ्या मेहनतीला फळ आलं असं मी समजलो. तिला बोलायचं होतं ते ती कुठे लिहीत होती, हे मला आता धुळ्याच्या वाचनालयात पेन्सिलच्या अक्षरात दिसत होतं. तिथे तपासायला मी नव्हतो.

मी अक्काच्या घरी परत गेलो. पत्राचं काढायचं धैर्य झालं नाही, म्हणून पुस्तकांचंच विचारलं. वाचलेलीच पुस्तकं का मागवतेस?

“आंधया मानूसनी काय करो?” ती शांतपणे म्हणाली. “पहिल्याच पुस्तकम्हा समजनं, तू पानं खाई जास. वाचेल पुस्तक शे म्हनीसन तुनी चोरी धराई गयी. नवं दिधं असतं तर तू काय खाई गया ते माले कसं समजतं?”

मी म्हणालो, तुला वाईट वाटू नये म्हणून मी त्या बाईला दृष्टी दिली.

“ती आंधयी व्हस म्हनीसनच मी ते मांगं,” ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. “मन्यासारखी एक बाई शे त्याम्हा. ती माले ऐकनी व्हती. तू तिलेबी सुधारी टाकं.”

तेहतीस वर्षांत माझ्या व्याख्यानानंतर बरेच प्रश्न आले. सगळ्यांना मी उत्तरं दिली. त्या दिवशी मी पिशवी उचलली, वाचनालयात गेलो, आणि तीच कौटुंबिक कादंबरी पुन्हा मागितली. दुपारभर अक्काजवळ बसून शेवटची पानं जशीच्या तशी वाचली. घरातली माणसं त्या बाईसमोर तिच्याबद्दल बोलतात ते सगळं वाचलं. नेत्र टपोरे होते, डबडबलेही. अक्का रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “आते बरं वाटनं.” मीही डोळे पुसले. मजकुरानं माझी ती अवस्था केली.

त्या संध्याकाळी निघताना ती म्हणाली, “फुडला गुरुवारले नवं लई ये.” म्हणजे जिचा शेवट तिला ठाऊक नाही अशी गोष्ट ती माझ्या हातात द्यायला तयार झाली होती. महाविद्यालयाचं प्राचार्यपद मिळतानाही मला एवढं दडपण आलं नव्हतं.

नव्या पुस्तकांच्या कपाटातली चारशे पानांची खुनाची कादंबरी ग्रंथपालबाईंनी निवडून दिली. मी ती बसस्थानकावरून उघड्या हातात नेली, सुऱ्याची बाजू बाहेर. वाचायला सुरुवात केली ती ‘सर्व हक्क स्वाधीन’पासून. मुद्रकाचा पत्ता वाचला. अर्पणपत्रिका वाचली. छपाईच्या चुका चुकांसकट वाचल्या. एका पानावर खुनी ‘दात ओठ खाऊन’च्या जागी ‘भात ओठ खाऊन’ धावून आला, तोही मी तसाच वाचला, आणि अक्का इतकी हसली की ठसका लागला. पाच गुरुवार लागले. एकशे दहाव्या पानावर तिनं खुनी ओळखला. मला शेवटपर्यंत ओळखता आला नाही. समीक्षक म्हणून मला तो वकील फारच सज्जन वाटला होता.

शेवटचं वाक्य संपलं. अक्कानं खुर्चीत पाठ टेकली आणि म्हणाली, “सत्ताविसावं पान काढ. लिख.”

मी खिसा चाचपला. पेन एकच होतं, लाल. सवयच ती. मी म्हणालो, अक्का, पेन्सिल नाही. ती म्हणाली, जे शे त्याच्यानं लिख. मी पान काढलं आणि तळाशी, आकड्याच्या बाजूला, लाल अक्षरात ‘शे’ लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

“काय लिखं?”

“शे.”

“वाच बरं परत.”

“शे,” मी वाचलं. मग मला राहवेना. “अक्का,” मी म्हणालो, “ते पत्र... मी चुकलो होतो.”

तिनं तिरकी मान करून माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, पाहिलं.

“मालूम शे,” ती म्हणाली. “अकरा चुका मन्या व्हत्यात. बारावी तुनी.”

आणि पुढचं पुस्तक काढायला सांगितलं.